उजव्या खांद्याची हळद

बशी टेबलावरून घसरली तेव्हा ती फुटल्याचा आवाज ऐकायला मी तयार होऊन बसलो. आवाज आला नाही. बशी माझ्या हातात होती, जमिनीपासून वीतभर वर, आणि तो हात डावा होता. परभणीच्या स्टेशनसमोरच्या त्या हॉटेलात शुक्रवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते, कारण आमच्या निजाम सरकारची सुट्टी शुक्रवारची. एवढ्या गर्दीत एक बशी पडली काय आणि वाचली काय, कोणाला सोयरसुतक नव्हतं. लक्ष गेलं ते फक्त समोर बसलेल्या लालखाँ जमादाराचं. फौजेतून पेन्शनीवर आलेला, दाढीला मेंदी लावणारा हा म्हातारा गेले आठ शुक्रवार मला बंदूक शिकवत होता. शिकवायची खटपट करत होता म्हणणं खरं. त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्या हाताकडे बघितलं. "डावरे हैं क्या मास्तर तुम?" मी बशी घाईनं उजव्या हातात घेतली. "नाही," म्हणालो. "लहानपणी होतो." जमादार हसला. "लहानपन में था, तो अब कां गया वो?" मी चहाचे पैसे टेबलावर ठेवले.  एका बशीपायी माणसानं एवढं घाबरू नये, पण तो हात मला न विचारता उठला होता आणि आपलं काम बिनचूक करून बसला होता. तीन महिन्यांपूर्वीही तो असाच उठला होता. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

घोंगडीत गुंडाळलेली दुनाळी बंदूक खांद्यावर टाकून मी जमादाराच्या मागं चालू लागलो. कापसाच्या जिनांच्या भिंती संपल्या की पलीकडे पडीक माळ आहे, तिथे आमची शाळा. मी खरा मास्तर. सरकारी शाळेत मुलांना उर्दूतून जुगराफिया, म्हणजे भूगोल, शिकवतो, पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते ते भिंतीवर गोल काढून सांगतो, आणि माळावर गेलो की वीस पावलांवरून फिरत जाणारं मातीचं परळ, म्हणजे पसरट ताटली, माझ्या नेमात सापडत नाही. लोकांना वाटतं मी परवान्यासाठी शिकतो. दादा गेला, बंदूक त्याच्या नावावर होती, ती आता माझ्या नावावर करून घ्यायची म्हणून मास्तर नेमबाजी शिकतोय. तहसिलीतल्या पेशकारानं त्याच समजुतीवर मला चिठ्ठी दिली. गावाकडे बोरीला वहिनीनंही तेच म्हटलं होतं, "शिका तुमी. डुकरं पुन्यांदा यायलेत ज्वारीत. सालगड्याच्या हातात बंदूक देता येत न्हाई." सगळं खरं आहे, पण माझं कारण ते नाही. मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. त्या दिवशी मला जमलं असतं का, एवढीच.

माळावर मुंजाजी कुंभार आधीच येऊन बसला होता. परळं तोच करतो, तोच फेकतो. जमादारानं कुठल्याशा छावणीत गोऱ्या साहेबाला मातीच्या चकत्या उडवून नेम धरताना पाहिलं होतं. साहेबाकडे चकत्या फेकायचं लोखंडी यंत्र होतं, आमच्याकडे मुंजाजी आणि टोकाला चिरलेली एक वेळूची काठी. त्या चिरेत परळ बसवून तो असा काही झटका देतो की परळ भिरभिरत बाभळीच्या वर जातं आणि मग माळावर उतरायला लागतं. तेवढ्यात आपण बार काढायचा. आठ शुक्रवारांत मी पन्नासच्या वर बार काढले असतील. एक परळ फुटलं होतं. मला क्षणभर वाटलं, जमलं, पण मुंजाजी मान हलवत म्हणाला, "ते भट्टीतच तडकलेलं व्हतं मास्तर, वाऱ्यानं गेलं." बाकीची परळं मऊ मातीत पडून शाबूत राहायची. तो ती गोळा करून, धोतरानं पुसून परत टोपलीत ठेवायचा. "कडूबाईला तुमची नेमबाजी लय पसंत हाय," कडूबाई म्हणजे त्याची बायको. "म्हनती, असलं गिऱ्हाईक दुसरं न्हाई, माल घेतंय अन् माल माघारी देतंय." मीही हसायचो. न हसून करतो काय? काडतुसं दादाची होती. विलायतेत लढाई पेटल्यावर मिळेनाशी होतील म्हणून त्यानं लाकडी पेटीत जपून ठेवलेली, आणि मी ती हवेला चारत होतो. त्या शुक्रवारी पेटीत आठ उरली होती.

पहिला बार चुकला. दुसरा चुकला. दस्ता खांद्यावर आदळला तेव्हा जुन्या वळावरच नवा वळ उठला असणार. जमादार नेहमीसारखा सांगत होता, बंदूक थांबवू नका, परळाच्या पुढं जा, गाल दस्त्यावरून उचलू नका. मी सगळं करत होतो. सांगितलेलं सगळं करणं हा तर माझा जन्मजात गुण. परळ उठतं, मी दोन्ही डोळ्यांनी ते धरतो, नळी त्याच्याबरोबर जाते, अगदी त्याच्यावर असते, मी चाप ओढतो, आणि परळ आपल्या वाटेनं निघून जातं. मला काय होतं ते नीट सांगता येत नाही. हात खोटं बोलतात की डोळे, हे कळत नाही, पण आपल्याच अंगात कोणीतरी खोटं बोलतंय एवढं नक्की. तिसरा बार चुकला तेव्हा जमादार माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. चौथ्यानंतर तो म्हणाला, "मास्तर, तुमारा बार हमेशा बाएँ कू जारा. एक बी बार सीधे कू नै गया." हमेशा डावीकडे. मी बंदूक सांध्यात मोडून रिकामी काडतुसं काढली. त्या दिवशीही ढेकळं डावीकडेच उडाली होती.

मार्गशीर्षातली गोष्ट. मी दोन दिवसांसाठी बोरीला गेलो होतो. डुकरांनी वरच्या वावरातली ज्वारी लोळवली होती, आणि एक मोठं डुक्कर ओढ्याकाठच्या शिंदीत बसलंय असं कळलं होतं. दादासारखा नेमबाज आमच्या भागात नव्हता. पण त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालेलं, बोट सुजून टम्म, चापात जाईना. दुसऱ्या कोणी काय केलं असतं ते मला आता रोज सुचतं. दादा मात्र बोट माझ्यासमोर धरून हसला, "आता काय डाव्या हातानं बार काढू? पंचक्रोशी हसल. धर तू." मी म्हणालो, मला कुठं येतं. "न यायला काय झालंय? तू बांधावर हुबा ऱ्हा. मी वरल्या अंगानं हाकलतो. समोर आलं की दाब." आणि तो कुऱ्हाड घेऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला. दादा, किशनराव पाटील, म्हणजे सहा फुटी माणूस, पाठमोरा चालत जाताना त्याचं मुंडासं ज्वारीच्या कणसांवरून दिसत राहिलं. मी बांधावर उभा.  मग शिंदी हलली आणि डुक्कर बाहेर आलं, पण ओढा उतरून पळायचं सोडून ते बांधाच्या कडेनं धावलं, माझ्यासमोरून, पंधरा पावलांवरून, दादाच्या दिशेनं. आणि बंदूक उठली. मी उचलली असं म्हणणार नाही. ती डाव्या खांद्याला लागली, गाल दस्त्यावर टेकला, नळीच्या टोकाचा मणी डुकराच्या मानेवर होता आणि तिथून हलत नव्हता. इतकं सगळं स्वच्छ मला त्याआधी कधी दिसलं नव्हतं. चाप ओढायचा फक्त बाकी होता. मी तो ओढला नाही. मी बंदूक खाली घेतली, उजव्या खांद्याला लावली, आणि मग बार काढला. डुकराच्या डावीकडे, हातभर लांब, ढेकळं उडाली. दुसरा बार काढेपर्यंत डुक्कर आणि दादा एकाच जागी होते. बैलगाडीनं जिंतूरचा रस्ता निम्माही कापला नव्हता तेव्हा माझ्या मांडीवरचं त्याचं डोकं जड झालं.

कोणी मला म्हणालं नव्हतं, उजव्या खांद्याला लाव. दादाचं तोंड तर पलीकडं होतं. पण मला वाटतं माझा गाल थपडेची वाट बघत होता. वडिलांमागोमाग आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, दादा सतराचा, आणि वहिनी, मनकर्णा, चौदा वर्षांची नवी सून. त्या दोन पोरांनी मला वाढवलं. मी ताटातला घास डाव्या हातानं उचलायचो, पाटीवर डाव्या हातानं लिहायचो, गोफण डाव्या हातानं फिरवायचो. आणि गोफणीचा माझा खडा ठरल्या पाखराला लागायचा, हेही मला आठवतं, आता. पंगतीत कोणीतरी नाक मुरडलं. त्या रात्रीपासून दादानं माझा डावा हात कमरेशी बांधायला सुरुवात केली. मऊ चिंधीनं, वळ उठू नये म्हणून. चिंधी वहिनीच्या जुन्या लुगड्याची होती, तिनंच फाडून दिलेली, हिरवी, काठाकडची. मी विसरून हात ओढला की एक थप्पड, हलकीच, पण दर वेळी. झोपताना दादा गाठ सोडायचा, हाताला तेल लावून चोळायचा आणि म्हणायचा, "हात वाईट न्हाई रे बन्सी. पर लोक तुझ्या हातचं पानी घ्यायचे न्हाईत." दोन वर्षं लागली. मग मी सुधारलो. पुढं उर्दू शिकलो तेव्हा ती लिपी उजवीकडून डावीकडे जाताना बघून डावा हात मांडीवर चुळबुळायचा. ही डाव्या हातासाठीच केलेली लिपी असावी असं मला वाटायचं. मी कोणाला म्हणालो नाही. दादानं माझ्यावर माया केली नाही असं जो म्हणेल त्याची जीभ झडो.

तेराव्याला भावकी ओसरीवर बसली होती. कोणीतरी आवाज न लपवता म्हणालं की शिकलेला भाऊ, हातात भरली बंदूक, आणि समोर सख्खा भाऊ फाडला गेला. मी खांबाशी बसून ऐकत होतो, खोटं काहीच नव्हतं. तेवढ्यात आतून वहिनी दारापर्यंत आली. बाईमाणसानं तेराव्याच्या बैठकीत बोलायची रीत नाही. ती बोलली. "त्यांना येतच न्हवतं. ज्याला येत न्हाई त्याच्या हातात देली, ती चूक देणाराची. माज्या भावजीला कुनी बोलायचं काम न्हाई." आणि आत गेली. आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या माथी तिनं चूक मारली, मला वाचवायला. त्या एका वाक्याखाली मी तीन महिने राहिलो. त्यांना येतच नव्हतं. बंदूक शिकायला लागल्यावर पहिले दोन शुक्रवार मी चुकलो तेव्हा चिडलो, स्वतःला शिव्या घातल्या. तिसऱ्या शुक्रवारी परळ शाबूत खाली आलं आणि मला बरं वाटलं. हे लिहायलाही लाज वाटते. पण बरं वाटलं. जे मातीचं परळ, शांतपणे, पोटात भीती नसताना फुटत नाही, ते डुक्कर कसं पडलं असतं? प्रत्येक चुकलेला बार वहिनीचं वाक्य खरं करत होता. मग मीच मुद्दाम चुकतोय की काय अशी शंका आली, आणि मी जिवाच्या आकांतानं नेम धरायला लागलो, तरी चुकलो, आणि आणखी बरं वाटलं. माझ्यासारखा नापास होऊन सुखावणारा विद्यार्थी माझ्या वर्गात असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

"मास्तर," जमादार म्हणाला, "बंदूक नीचे रखो. वो लिंब दिखरा? उसका शेंडा उंगली से दिखाओ. दोनो आँखाँ खुल्ले." मी बोट रोखलं. कडुलिंबाच्या शेंड्यावर बोट बरोबर बसलं. "अब सीधी आँख बंद करो." मी उजवा डोळा मिटला. बोट शेंड्यावरच होतं. "अब वो खोलो, बायीं बंद करो." मी डावा मिटला आणि बोट टुणकन लिंब सोडून बाजूला गेलं, हातभर. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. "हर आदमी की एक आँख मालिक होती, एक नौकर," म्हातारा सांगत होता, त्याच्या आवाजात आता आनंद मावत नव्हता. "तुमारी बायीं मालिक है. बंदूक नौकर के खांदे पे, और देखरा मालिक. कां से लगेगा निशाना? मेरी बी अक्कल चरने गई थी. बाएँ खांदे पे लेव." मी म्हणालो, नको. "कायकू नक्को?" मी म्हणालो, बरं दिसत नाही. मुंजाजी टोपलीपाशी उकिडवा बसला होता, तो म्हणाला, "हितं माळावर कोन बघायलंय मास्तर?" खरंच कोणी नव्हतं. मी घरी जायला हवं होतं. बंदूक घोंगडीत गुंडाळून, सर्व्हिस मोटार पकडून, कळायचं ते न कळून घेता जायला हवं होतं. पण दोन माणसं माझ्याकडे बघत होती आणि सांगितलेलं न करणं मला कधी जमलेलं नाही.

मी बंदूक डाव्या खांद्याला लावली. खांद्यात तिच्यासाठी जागा होती. गाल टेकला, आणि त्या बांधावरचं ते स्वच्छ दिसणं समोर उभं राहिलं, तेच, कणसाकणसाचं. मुंजाजीनं काठी झटकली. परळ उठलं, मी त्याच्या मागं गेलो नाही, नळी आपसूक गेली, आणि परळ जिथं होतं तिथं तांबड्या धुळीचा एवढासा ढग राहिला. खापऱ्या पडल्याचाही आवाज आला नाही.  मुंजाजीनं न सांगता दुसरं फेकलं. तेही गेलं. मी बंदूक मोडली, भरली, आणि तिसरं गेलं, चौथं गेलं. पेटी रिकामी झाली. जमादारानं माझी पाठ थोपटली, बच्चा तैयार है म्हणाला, आणि मुंजाजी फुटक्या तुकड्यांकडे बघत म्हणाला, "आता मातूर कडूबाई भांडनार." मी हसलो असेन. चार बार, चार परळं. मातीचं, हाताच्या पंजाएवढं, हवेत फिरणारं परळ. आणि ते डुक्कर पंधरा पावलांवर होतं, वासराएवढं, सरळ धावत होतं. मला येत होतं. हे वाक्य मी मनात एकदाच म्हटलं आणि मी ढेकळांत खाली बसलो. जमादाराला वाटलं ऊन लागलं.

दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं बोरीला गेलो. दर शुक्रवारी जातो. खिडकीतून उभी ज्वारी जात होती, काढणीला आलेली, आणि मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा करत होतो की हे कोणाला सांगितलं तर काय होईल. मला येत होतं म्हटलं, तर वहिनी विचारणार, मग लागलं कसं न्हाई. डावा खांदा म्हणावं लागणार. आणि ती काही दुधखुळी नाही. हिरव्या काठाची चिंधी कोणी फाडली ते तिला आठवेल, गाठ कोण बांधायचं तेही. मग दादाला कोणी मारलं याचा उलगडा करत आम्ही दोघं त्या घरात बसून राहू, आणि हातात काय येईल तर तिची चिंधी, त्याची गाठ आणि माझी आज्ञाधारक मान. तिनं आपलं दुःख एका वाक्यावर टेकवून उभं केलं होतं. ते वाक्य खोटं आहे हे आता जगात मला एकट्याला ठाऊक होतं. ज्या माणसाला हे सांगून मोकळं व्हावं असा माझा एकच माणूस होता, आणि तो दादा.

वहिनी ओसरीवर ज्वारी पाखडत होती. मला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली, पाणी आणलं, आणि मग दर शुक्रवारसारखी हळद-तेलाची कोमट वाटी आणून माझ्याजवळ पायरीवर ठेवली. बंदुकीच्या दणक्यानं माझा खांदा काळानिळा होतो हे पहिल्याच शुक्रवारी तिच्या ध्यानात आलं होतं.

"जमलं का, भावजी?" तिनं विचारलं.

मी घोंगडीची गाठ सोडत होतो. डावा खांदा ताज्या दणक्यांनी ठणकत होता.

"न्हाई जमलं, वैनी."

 तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "ऱ्हाऊ द्या मग. ज्याला येत न्हाई त्यानं कुठवर मरमर करावी? टाका ती कचेरीत जमा करून. ज्वारी दोन-चार दिसांत काढूनच घेतो." आणि जरा थांबून, मऊ आवाजात म्हणाली, "लावा हळद. निवती."

मी सदरा उजव्या खांद्यावरून खाली केला आणि डावा हात वाटीत बुडवला. उजव्या खांद्याला हळद लावायची तर डावाच हात लागतो, त्याला आमच्या घरात कोणी कधी नाव ठेवलेलं नाही. जास्त ठणकत होतं ते सोडून मी जुन्या वळांवर सावकाश हळद चोळत राहिलो, आणि वहिनी सूप पाखडत राहिली.